आधी इस्पितळ, मग अर्ज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



इस्पितळ डॉक्टर चालवतात, असं आपण सहज म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. डॉक्टर रुग्ण तपासतात, शस्त्रक्रिया करतात, औषध लिहून देतात. पण ते औषध वेळेवर वॉर्डात पोहोचलं का, रात्री दोन वाजता ऑक्सिजन किती शिल्लक आहे, ऑपरेशन थिएटरच्या चादरी धुऊन आल्या का, विम्याचे कागद कुणी पाठवायचे, लिफ्ट बंद पडली तर स्ट्रेचर कुठून न्यायचं, ही कामं दुसऱ्याच कुणाची तरी असतात. पूर्वी एखादे ज्येष्ठ डॉक्टर किंवा निवृत्त अधिकारी ती जमेल तशी पाहत. आता त्यासाठी वेगळं शिक्षण आहे, पदवी आहे, नोकऱ्या आहेत. कुणी त्याला रुग्णालय प्रशासन म्हणतं, कुणी आरोग्यसेवा व्यवस्थापन. ज्या मुलामुलींना या वाटेनं जायचं आहे, त्यांनी व्यवस्थापनाच्या संस्थांमधल्या प्रवेशाची तयारी कशी करावी, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी कवितेतला माणूस, शिक्षण बी.ए. तेव्हा हा विषय माझ्याकडे कसा आला, तेही सांगायला हवं. मी मिरजेचा. आमचं गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक तंतुवाद्यं, दुसरे दवाखाने. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं इस्पितळ सुरू केलं. पुढं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, खासगी दवाखाने आले. कर्नाटकातूनही रुग्ण रेल्वेनं इथं येतात. आमच्या मोहल्ल्यात इस्पितळात कामाला जाणारं एकही माणूस नाही, असं घर शोधावं लागेल. त्यांची मुलं शिकली, पदवीधर झाली आणि आता त्यांतली काही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना अर्ज करतात. अर्जात 'तुम्हाला हे का शिकायचं आहे' असं विचारलेलं असतं. तिथं गाडी अडते आणि मुलांना कवी आठवतो. 'मामू, भाषा जरा फुलवून द्या,' म्हणत ती कागद घेऊन येतात. असे पुष्कळ कागद वाचता वाचता परीक्षा, तारखा, फी यांचीही मला ओळख झाली.

या वाचनातून एक गोष्ट पक्की झाली. बहुतेक मुलं आधी संस्था ठरवतात. मग परीक्षा, मग क्लास आणि शेवटच्या आठवड्यात निबंध. इस्पितळ या सगळ्यात कुठंच नसतं. ते पदवीनंतर पाहू, असं ठरलेलं असतं. माझं म्हणणं असं की, हा क्रम उलटा हवा. आधी इस्पितळ नीट पाहावं, तिथली एखादी अडचण हातात घ्यावी आणि मग त्या अडचणीसाठी कोणतं शिक्षण लागेल हे शोधत संस्थेपर्यंत जावं. तसं केलं तर अर्जातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं उदाहरण सांगतो. ती बी.एस्सी. नर्सिंग झाली आणि एका खासगी इस्पितळात चार वर्षं स्टाफ नर्स होती. एके दिवशी म्हणाली, 'मामू, मला हॉस्पिटल मॅनेजमेंट करायचंय.' मला आनंद झाला, पण तिच्या आईला झाला नाही. त्याचं कारण जुनं आहे. २०१५ साली माझ्या मेहुण्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. घरात केशरी रेशनकार्ड होतं. त्या वेळच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत असं कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते आणि ते इस्पितळही योजनेत होतं. पण योजनेत शस्त्रक्रियेची मंजुरी आधी घ्यावी लागते, हे काउंटरवर कुणी सांगितलं नाही. डिपॉझिट तेवढं मागितलं. बहिणीच्या बांगड्या गेल्या. शस्त्रक्रिया झाल्यावर कुणीतरी म्हणालं, 'अहो, तुमचं तर योजनेत बसलं असतं.' तेव्हा मुलीनं व्यवस्थापनाचं नाव काढताच बहीण मला म्हणाली, 'भाई, ज्या काउंटरनं माझ्या बांगड्या घेतल्या, त्याच्या पलीकडं आता माझी पोरगी बसणार काय?'

हा प्रश्न एकट्या माझ्या बहिणीचा नाही. आपल्याकडं इस्पितळाचं व्यवस्थापन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बिल येतं. या क्षेत्रात शिकायला निघालेल्या प्रत्येकानं आपल्या घरातला हा प्रश्न आधी ऐकून घ्यावा. मुलाखतीत विचारले जाणारे सगळे प्रश्न त्यापेक्षा सोपे असतात.

भाचीनं पहिला निबंध लिहून आणला. सुरुवात अशी होती की, मला लहानपणापासून मानवसेवेची ओढ आहे. पुढं आरोग्यक्षेत्र कसं झपाट्यानं वाढतं आहे, व्यवस्थापनाला कसं महत्त्व आहे वगैरे. इंग्रजी बिनचूक होतं. हल्ली संगणकाला सांगितलं तरी असा निबंध पाच मिनिटांत मिळतो. मी तिला म्हटलं, 'यातलं एक तरी वाक्य असं दाखव, जे तुझ्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही.' ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, 'अब्बांच्या ऑपरेशनचं लिहू काय? पण लाज वाटते.'

इथं एक सावधगिरी सांगतो. घरातलं दुःख अर्जात यावं की नाही, हा नाजूक प्रश्न आहे. ते खरं असेल आणि त्यामुळंच तुम्ही या वाटेला लागला असाल, तर एक-दोन वाक्यांत जरूर यावं. पण संपूर्ण निबंध त्यावर उभा करू नये. वाचणाऱ्याला तुमची कीव यावी, यासाठी अर्ज नसतो. तुम्ही काय पाहिलंत आणि त्यावर काय केलंत, हे त्याला हवं असतं. 'आम्हाला त्रास झाला' इथं निबंध संपला, तर ती तक्रार होते. 'तो त्रास का होतो, हे मी शोधलं' इथून पुढं गेला, तर तो व्यवस्थापनाचा अर्ज होतो.

मग मी तिला विचारलं, 'तुझ्या वॉर्डात लोकांना सर्वांत जास्त चीड कशाची येते?' तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, डिस्चार्जची. डॉक्टर सकाळी दहाच्या राउंडला 'आज घरी जा' म्हणतात. रुग्ण कपडे बदलून बसतो, नातेवाईक गाडी घेऊन येतात आणि प्रत्यक्ष सुटका होते संध्याकाळी पाच-सहाला. मी म्हटलं, 'हा वेळ जातो कुठं, ते लिहून काढ.'

तिनं सिस्टर इन्चार्जची परवानगी घेतली आणि शंभर पानी वही केली. रुग्णाचं नाव लिहायचं नाही, फक्त वेळा. डॉक्टरांनी सांगितलं किती वाजता, डिस्चार्ज कार्ड टाइप झालं किती वाजता, उरलेली औषधं फार्मसीला परत गेली किती वाजता, बिल तयार झालं किती वाजता, मेडिक्लेमचे कागद गेले कधी आणि मंजुरी आली कधी. महिनाभरात तिच्या लक्षात आलं की, जे रोखीनं पैसे भरणारे रुग्ण आहेत, त्यांचं बिल उरलेल्या औषधांपाशी अडतं. औषधं परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही आणि औषधं घेऊन जाणारे मामा दुपारपर्यंत दुसऱ्या कामात असतात. तेव्हा तिनं आणि सिस्टरनी एवढंच केलं की, उद्या कोण घरी जाणार याचा अंदाज घेऊन त्यांची जादा औषधं आदल्या संध्याकाळीच परत पाठवायला सुरुवात केली. असे बरेच रुग्ण दुपारच्या जेवणाच्या सुमारास घरी जाऊ लागले. त्यांची खाट लवकर रिकामी झाली, म्हणजे खाली कॅज्युअल्टीत खाटेची वाट पाहत असलेला कुणीतरी लवकर वर आला.

विम्याच्या रुग्णांचा उशीर मात्र तिच्या हातात नव्हता. त्याचं उत्तर तिनं वाचनातून शोधलं. विमा नियामक प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं आहे की, इस्पितळाकडून डिस्चार्जची विनंती आल्यावर विमा कंपनीनं तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यायची आणि त्यापुढच्या उशिरामुळं इस्पितळानं जादा आकार लावला, तर तो कंपनीनं सोसायचा. हा नियम आपल्या वॉर्डात कुणालाच माहीत नव्हता, असंही तिनं निबंधात लिहिलं.

या दुसऱ्या निबंधात मी काय केलं असेल? विशेषणं काढली. माझे मेहुणे तानपुरे बनवतात. तानपुऱ्याची जवारी काढताना घोडी अगदी थोडी थोडी घासतात आणि दर वेळी तार छेडून ऐकतात. नवं काही चिकटवत नाहीत. निबंधाचंही तसंच आहे. माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो की, बाबांनो, फुलवून द्यायला मी बसलेलो नाही.

आता संस्थांकडं वळू. या वाटेवर साधारण चार दरवाजे आहेत आणि ते एकसारखे नाहीत. पहिला, निव्वळ रुग्णालय प्रशासनाचा. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, १९३६ मध्ये स्थापन झालेली. तिथं रुग्णालय प्रशासनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. जयपूरची आयआयएचएमआर ही संस्था १९८४ पासून याच क्षेत्रात आहे. पुण्यात सिम्बायोसिसची आरोग्यविज्ञान संस्था आहे. दिल्लीच्या एम्समध्येही हा विषय आहे, पण तिथला अभ्यासक्रम एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. ज्याला इस्पितळातच काम करायचं आहे, त्यानं हा दरवाजा पाहावा.

दुसरा दरवाजा म्हणजे व्यवस्थापन संस्थांमधला आरोग्यसेवेचा अभ्यासक्रम. आपल्या शेजारी गोव्यात गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये तो आहे. १९९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था साखळीला जाण्यापूर्वी रायबंदरला मांडवीकाठच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत असे, हा एक गमतीचा योगायोग. अशा अभ्यासक्रमानंतर इस्पितळाखेरीज विमा, औषधं, वैद्यकीय उपकरणं, आरोग्याच्या संगणकप्रणाली अशा कंपन्यांतही जाता येतं. तिसरा दरवाजा सर्वसाधारण एमबीएचा. शिकायचं सगळं आणि नोकरी आरोग्यक्षेत्रात शोधायची. चौथा सार्वजनिक आरोग्याचा, म्हणजे एमपीएच. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतला अभ्यासक्रम यासाठी नावाजलेला आहे. एका इस्पितळाऐवजी जिल्ह्याचं किंवा राज्याचं आरोग्य हा ज्याचा विषय आहे, त्याच्यासाठी हा.

यांतला आपला कोणता, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. आपल्या वहीतली अडचण कुठं सुटेल, ते पाहावं. डिस्चार्जचा उशीर इस्पितळात सुटेल. विम्याचे नियम विमा कंपनीत किंवा सरकारात सुटतील. गावात मुळात डॉक्टरच नाही, ही अडचण असेल तर ती एमपीएचकडं नेईल.

आता वेळेचं गणित. ते शेवटच्या तारखेपासून उलटं मांडायचं. आपल्याकडं हे वर्ग साधारणपणे जून-जुलैत सुरू होतात. आयआयएम घेतात ती कॅट परीक्षा त्याच्या आदल्या नोव्हेंबरात असते आणि तिचे अर्ज ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरले जातात. सिम्बायोसिसची स्नॅप डिसेंबरात असते, एक्सएटी जानेवारीच्या सुरुवातीला आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर. कोणती संस्था कोणत्या परीक्षेचे गुण धरते, हे बदलत असतं, म्हणून ते त्या वर्षीच्या सूचनेतच पाहावं, दादा-ताईंच्या सांगण्यावरून ठरवू नये. कॅट दोन तासांची असते आणि तिचे तीन भाग असतात. एक भाषेचा, एक तर्काचा आणि आकडेवारीचा, एक गणिताचा. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी या बाजूनं येणाऱ्या मुलांची गणिताशी गाठ बरीच वर्षं पडलेली नसते. त्यांनी जानेवारीपासून रोज एक तास दहावीपर्यंतचं गणित पुन्हा करावं. ड्यूटी सांभाळून नऊ-दहा महिने लागतातच. आणि वही त्याच्याही आधी सुरू झालेली असावी. म्हणजे वर्गात बसायच्या दीड-दोन वर्षं आधी तयारी सुरू होते, असं समजावं.

परदेशाचं गणित वेगळं. रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेत शिकागो विद्यापीठानं १९३४ मध्ये सुरू केला, तेव्हा तिथं या विषयाला मोठी परंपरा आहे. तिथले वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. एमबीएचे अर्ज फेऱ्यांनी घेतात. पहिली फेरी आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला, शेवटची वसंतात. बाहेरच्या देशातल्या मुलांनी पहिल्या दोन फेऱ्यांतच अर्ज करावा. शेवटच्या फेरीत जागाही थोड्या उरतात आणि व्हिसालाही वेळ पुरत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टनमध्ये आरोग्यसेवा व्यवस्थापन हा खास विषय हवा असेल, तर तो अर्ज करतानाच सांगावा लागतो. ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा संस्थेतही या क्षेत्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. जीमॅट परीक्षा आता सव्वादोन तासांची आहे आणि तिचे गुण पाच वर्षं चालतात. त्यामुळं ती आधीच देऊन ठेवता येते. मात्र अमेरिकेतल्या मोठ्या एमबीए संस्थांत येणाऱ्यांचा नोकरीचा अनुभव बहुधा चार-पाच वर्षांचा असतो. पदवी हातात पडल्या पडल्या तिथं अर्ज करण्यात फारसा अर्थ नाही.

परदेशी अर्जासाठी शिफारसपत्रं लागतात, आपल्याकडच्याही काही संस्था मागतात. या बाबतीत आपल्या लोकांचा एक गोड गैरसमज आहे. पत्र जितक्या मोठ्या माणसाचं, तितकं वजन जास्त, असं त्यांना वाटतं. आमदारांचं पत्र आणतात, नामांकित सर्जनचं आणतात. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेलंच नाही, ते काय लिहिणार? 'उमेदवार होतकरू व मेहनती आहे.' भाचीच्या बाबतीत आम्ही सिस्टर इन्चार्जकडं गेलो. त्यांचं इंग्रजी साधं. पण वहीची गोष्ट, रात्रपाळीतला एक प्रसंग, चूक दाखवली की ही मुलगी कशी ऐकून घेते, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं. पत्रासाठी दोन महिने आधी विचारावं, शेवटची तारीख लिहून द्यावी आणि पत्राचा मसुदा स्वतः लिहून त्यावर सही मात्र मागू नये.

आता पैसा. हा विषय आपण घरात शेवटी काढतो, तो पहिल्याच बैठकीत काढावा. फी, वसतिगृह, जेवण, दोन वर्षांचा बुडणारा पगार, हे सगळं एका कागदावर मांडावं. संस्थेला विचारावं की, मागच्या वर्षी किती मुलांना नोकरी लागली, कोणत्या कामावर लागली, मधल्या मुलाचा पगार किती? जाहिरातीत सर्वांत मोठा पगार छापतात, पण तो एकालाच मिळालेला असतो. अभ्यासक्रमाला यूजीसी किंवा एआयसीटीईची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावं. प्रत्यक्ष इस्पितळात किती महिने काम करायला मिळतं, हेही विचारावं. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होते, पण व्याज आधीपासून चढत असतं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. यांच्याही तारखा प्रवेशाच्या तारखांबरोबरच भिंतीवर लावाव्यात.

भाचीला पहिल्यांदा अमेरिकेला जायचं होतं. मेहुणे म्हणाले, घर तारण ठेवू. आम्ही दोन संध्याकाळी बसून हिशेब केला. शिकून तिथं नोकरी करून कर्ज फेडायचं, तर व्हिसा हवा. नव्या एच-वन-बी व्हिसांना वर्षाला सुमारे ८५ हजारांची मर्यादा आहे आणि मागणी त्याहून पुष्कळ जास्त. परत आली, तर इथल्या पगारात डॉलरचं कर्ज फिटायला किती वर्षं लागतील, हे कागदावर दिसत होतं. ज्यांची ऐपत आहे किंवा ज्यांना शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी जरूर जावं. पण एका माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली असताना त्याचं घर गहाण टाकून जाऊ नये, असं मला वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आली आणि म्हणाली, 'मामू, माझी वही मिरजेची आहे. तिची उत्तरं आधी इथंच शोधते.' देशातल्या तीन संस्थांत अर्ज केले. एकीनं नाकारलं, एकीनं प्रतीक्षा यादीत ठेवलं, तिसरीनं मुलाखतीला बोलावलं.

मुलाखतीपूर्वी मी तिला मदुराईची गोष्ट वाचायला दिली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्या हातांनी ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करत. त्यांनी कामाची मांडणी बदलली. सर्जन एका टेबलावर शस्त्रक्रिया करत असतानाच शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असायचा. प्रशिक्षण दिलेल्या मुली बाकीची सगळी तयारी करायच्या. सर्जनचा एक मिनिटही वाया जायचा नाही. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत किंवा अल्प खर्चात शस्त्रक्रिया व्हायच्या. डोळ्यांत बसवायची भिंगं बाहेरून आणणं परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू करून ती स्वतः बनवली. १९९३ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनं या रुग्णालयावर आपल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासप्रकरण तयार केलं. म्हणजे ज्या शाळांत शिकायला आपली मुलं धडपडतात, त्या शाळा मदुराईकडून शिकल्या. व्यवस्थापन म्हणजे बिल फुगवणं, असं मानणाऱ्याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडं नाही.

हे सगळं मी बहिणीलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, फार काही बोलली नाही. मुलीची निवड झाली आणि कर्जासाठी बँकेत गेलो, तेव्हा सहकर्जदार म्हणून तिनं सही केली. सही करून पेन खाली ठेवताना मुलीला एवढंच म्हणाली, 'तिकडं बसशील तेव्हा योजनेचा कागद लोकांना आधी दाखव, मागून नको.' महाराष्ट्रात ही योजना आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' म्हणून माणूस बसलेला असतो. पण भेदरलेल्या नातेवाइकाला त्या माणसापर्यंत कुणीतरी नेऊन पोहोचवावं लागतं. मला वाटतं, पुढं मोठमोठ्या पदांवर जाणाऱ्या मुलांनीसुद्धा हे काम आपलं समजावं.

तेव्हा ज्या मुलांना यंदा किंवा पुढच्या वर्षी अर्ज करायचे आहेत, त्यांनी एवढं करावं. इस्पितळात नोकरी असेल तर उत्तमच. नसेल तर जवळच्या सिव्हिलमध्ये किंवा एखाद्या धर्मादाय दवाखान्यात रीतसर परवानगी घेऊन काही महिने पडेल ते काम करावं. केसपेपरच्या रांगेत लोकांना कुठं जायचं ते सांगावं, फॉर्म भरून द्यावेत. रोज घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहाव्यात की, आज कोण कुठं अडलं, का अडलं, कुणाला विचारलं तेव्हा सुटलं. सहा महिन्यांनी ती वही उघडली की, संस्था कोणती निवडायची, निबंधात काय लिहायचं आणि मुलाखतीत काय बोलायचं, हे तिच्यातच सापडेल. आणि समजा, या वर्षी प्रवेश मिळाला नाही, तरी वही वाया जात नाही. त्या सहा महिन्यांत तुमच्यामुळं काही लोकांची रांग थोडी लवकर पुढं सरकलेली असते. पुढच्या वर्षीचा अर्ज तिथूनच सुरू करता येतो.